माणूस हा शब्द आला कुठून, आणि आपण ‘ती माणसं’ का म्हणतो

ओळखीतल्या एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या वारलेल्या जावेबद्दल सांगत होत्या, बोलता बोलता म्हणाल्या, “ते माणूसच वेगळं होतं गं, कधी कुणाला टोचून बोललं नाही.” मी ऐकलं आणि पुढच्या गप्पा कानावरून गेल्या, कारण माझं डोकं त्या ‘ते माणूस’वर अडकलं. शाळेत तर ‘तो माणूस’ शिकलो होतो, आणि इथे एका बाईबद्दल बोलताना आजी ‘ते माणूस, वेगळं, बोललं नाही’ असं सरळ नपुंसकलिंगात बोलत होत्या, आणि कानाला ते जराही चुकीचं वाटत नव्हतं. उलट फार मायेचं वाटत होतं.

मग मी या शब्दाच्या मागे लागले. रोज शंभर वेळा तोंडात येणारा शब्द, पण कुठून आला, मूळ अर्थ काय, हे कुणी विचारलं तर बहुतेक जण ‘मन असतं तो माणूस’ एवढं सांगून थांबतात. यात थोडं खरं आहे, पण खरी गोष्ट याहून बरीच मोठी आहे.

आधी जवळून सुरुवात करू, म्हणजे शब्दाच्या आवाजापासून. संस्कृतात ‘मनुष्य’ आहे आणि त्याच्याच शेजारी ‘मानुष’ आहे. आपला माणूस आलाय तो या ‘मानुष’वरून. मधला टप्पा प्राकृताचा, तिथे तो ‘माणुस’ झाला. म्हणजे दोन गोष्टी घडल्या. एक तर ‘ष’चा ‘स’ झाला, कारण महाराष्ट्री प्राकृतात श, ष, स या तिन्हींच्या जागी एकटा ‘स’च उरला होता. (‘महिषी’ची ‘म्हैस’ झाली ती याच वाटेने.) दुसरं म्हणजे मधल्या ‘न’चा ‘ण’ झाला. हा ‘ण’ मराठीने फार जपून ठेवलाय. पानीयचं हिंदीत पानी झालं, आपल्याकडे पाणी, हिंदीत जानना, आपल्याकडे जाणणं, संस्कृतातला जन आपल्याकडे ‘चार जण आले’मधला जण झाला. तसाच मानुषचा माणूस.

शेवटचा टप्पा मराठीचा स्वतःचा. प्राकृतातल्या ‘माणुस’चा शेवटचा ‘अ’ बोलण्यातून गळला आणि त्याच्या आधीचा उकार लांबला, म्हणून माणूस, दीर्घ. पण पुढे प्रत्यय लागला की तो उकार टिकतच नाही, एकदा मोठ्याने म्हणून बघा, माणूस, माणसाला, माणसांचं. आणि ‘माणुसकी’ म्हणताना तो परत येतो पण ऱ्हस्व होऊन. एकाच शब्दाच्या घरात दीर्घ, ऱ्हस्व आणि गायब अशी तिन्ही रूपं आहेत, त्यामुळे टाइप करताना ‘माणूसकी’ असं लिहिणारे खूप जण दिसतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मूळ शब्दात दीर्घ दिसतोय तर माणूस तसंच लिहिणार ना. नियम एवढाच की उकार शेवटून दुसऱ्या अक्षरावर असेल तर दीर्घ, आणखी मागे सरकला की ऱ्हस्व. ‘माणूसघाणा’, ‘माणूसबळ’ यात मात्र दोन शब्द जोडलेत, तिथे माणूस आपला दीर्घ घेऊनच येतो.

बरं, मग हा ‘मानुष’ कुठून आला? इथे पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘मनोर्जातावञ्यतौ षुक् च’. भीतीदायक दिसतं पण सांगतंय साधी गोष्ट, की ‘मनु’ या शब्दाला जात, म्हणजे प्राण्यांतला एक प्रकार, या अर्थी दोन वेगवेगळे प्रत्यय लागतात आणि दोन्ही वेळा मध्ये एक ‘ष’ घुसतो. एका प्रत्ययाने ‘मानुष’ होतो, दुसऱ्याने ‘मनुष्य’. आणि नुसतं ‘मनूचं मूल’ म्हणायचं असेल तर ‘मानव’. म्हणजे माणूस, मनुष्य आणि मानव ही तिघंही सख्खी भावंडं, आणि तिघांचा बाप मनु.

याच सूत्राच्या आसपास परंपरेत एक श्लोक सांगतात, त्यात म्हटलंय की मनूच्या वंशातला एखादा मूढ, हिणवण्याजोगा असेल तर ‘मानव’मधल्या न चा ण करायचा, आणि त्याला ‘माणव’ म्हणायचं. लहान पोराला संस्कृतात माणवक म्हणतात तो शब्द असा लावलाय. आता कुणी म्हणेल मग माणूसमधला ण पण तोच का, तर नाही, आपला ण प्राकृताच्या उच्चारातून आलाय, त्यात कुणाला हिणवलेलं नाही.

यास्क नावाचा एक फार जुना अभ्यासक होता, बहुतेक अभ्यासक त्याला पाणिनीच्याही आधीचा मानतात, त्याचा ‘निरुक्त’ हा ग्रंथ शब्द कुठून आले याच विषयावर आहे. त्याने हाच प्रश्न विचारलाय, ‘मनुष्याः कस्मात्’, म्हणजे माणसांना मनुष्य का म्हणायचं? आणि गंमत म्हणजे तो एक उत्तर देऊन थांबत नाही, तीन-चार देतो. पहिलं उत्तर मला फार आवडतं, ‘मत्वा कर्माणि सीव्यन्ति’, विचार करून जे कामं शिवतात ते मनुष्य. सीव्यन्ति म्हणजे शिवतात, आपण कपडा शिवतो तेच ते शिवणं. एक काम दुसऱ्या कामाला टाका घालून जोडायचं, आज पेरलं ते चार महिन्यांनी कापायचं हे डोक्यात धरून पेरायचं, हे जो करतो तो मनुष्य. दुसरं उत्तर, प्रसन्न मनाने ज्यांना निर्माण केलं ते. आणि मग शेवटी, ‘मनोरपत्यं मनुषो वा’, मनूची किंवा मनुषाची लेकरं.

भाषाशास्त्र आज त्या शिवणकामाला व्युत्पत्ती म्हणून मानत नाही, ‘मनुष्य’मधला ‘ष्य’ शिवण्यातून आलेला नाही हे नक्की. पण अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून माणूस कशाला म्हणावं याचा विचार करत होतं आणि त्याला सुई-दोरा आठवला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. शेवटचं उत्तर मात्र आजच्या अभ्यासालाही धरून आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मनु म्हटलं की आपल्याकडे लगेच मनुस्मृती डोळ्यासमोर येते, आणि ते साहजिक आहे. पण मनु हा शब्द त्या ग्रंथाहून कितीतरी जुना आहे. ऋग्वेदात तो वारंवार येतो, कधी पहिल्या पूर्वजाचं नाव म्हणून, कधी नुसता ‘माणूस’ या अर्थी. ‘मनुर्भव’ असं एक वचन आहे दहाव्या मंडलात, मनु हो. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात महापुराची गोष्ट आहे, एक छोटा मासा मनूच्या हातात येतो, मनु त्याला वाढवतो, पुढे तोच मासा पुरात त्याची नाव ओढून नेतो. त्या मनूची आणि स्मृतीची गाठ नंतर घातली गेली. आणि याच महाराष्ट्रात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली तेव्हा मागणी कशाची होती, तर माणुसकीच्या हक्कांची. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेही त्याच हक्कासाठी. मनूच्या नावाचं पुस्तक नाकारलं, आणि मनूवरून आलेला ‘माणूस’ हा शब्द हक्काने आपला म्हणून उचलला. शब्द असेच असतात, ते कुणा एकाच्या मालकीचे राहत नाहीत.

आता मनु म्हणजे काय? सोपं उत्तर असं की संस्कृतात ‘मन्’ हा धातू आहे, विचार करणं, मानणं या अर्थाचा. मन, मत, मती, मंत्र, मानणं हे सगळे त्याच घरातले. इंग्रजीतला माइंड, मेंटल हे शब्दही त्याच जुन्या मुळाचे. तेव्हा मनु म्हणजे विचार करणारा, असं पूर्वापार सांगतात. यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण म्हणतात की मनु आणि मन् यांचं नातं खरं आहे, काहींना स्वरांचं गणित जुळत नाही असं वाटतं आणि ते म्हणतात की मनु हा मुळातच ‘माणूस’ या अर्थाचा वेगळा शब्द असावा आणि नुसत्या आवाजाच्या सारखेपणामुळे मनाशी जोडला गेला असावा. त्यामुळे ‘मन असतं तो माणूस’ हे वाक्य सुंदर आहे पण त्यावर कोर्टात शपथ घेण्याइतका पुरावा नाही.

पुरावा भक्कम आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. २ फेब्रुवारी १७८६ ला विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीत एक भाषण दिलं, त्यात ते म्हणाले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की या तिन्ही एखाद्या अशा भाषेतून आल्या असाव्यात जी कदाचित आता उरलेली नाही. त्यानंतरच्या अभ्यासातून एक मोठं भाषाकुळ समोर आलं, मराठीपासून इंग्रजीपर्यंत. आणि या कुळात आपला मनु एकटा नाही. इंग्रजीतला ‘मॅन’, जर्मनमधला ‘मान’, हे मनूचेच चुलत भाऊ. रशियनमधला नवऱ्यासाठीचा ‘मुझ’ हाही त्याच घरातला मानला जातो.

मला सगळ्यात चकित केलं ते टॅसिटसने. हा रोमन इतिहासकार इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो. त्यात तो सांगतो की हे लोक आपल्या जुन्या गाण्यांत तुइस्तो नावाच्या, जमिनीतून जन्मलेल्या देवाचं गुणगान करतात, आणि त्याचा मुलगा ‘मान्नुस’ हा आपल्या वंशाचा मूळपुरुष आहे असं मानतात. मान्नुस आणि मनु! इकडे ऋग्वेदातला मनु आमचा पूर्वज, तिकडे ऱ्हाइन नदीपलीकडच्या जंगलातल्या लोकांचा मान्नुस त्यांचा पूर्वज. नावही तेच, कामही तेच. हजारो वर्षं आणि हजारो मैल मध्ये असताना दोघांनी आपल्या पहिल्या पूर्वजाचं नाव ‘माणूस’ असं ठेवलं, किंवा आधीच ठेवलेलं दोघांनी जपलं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘ह्यूमन’ या शब्दात मॅन दिसतो म्हणून तो मॅनवरून आला असं खूप जणांना वाटतं. तसं नाहीये. ह्यूमन आला लॅटिनमधल्या ‘होमो’च्या कुटुंबातून, आणि होमोचं नातं ‘ह्यूमस’शी, म्हणजे मातीशी. माणूस म्हणजे मातीतला, जमिनीवरचा, देव वर आणि हा खाली. हिब्रूतही असंच, ‘आदम’ आणि माती या अर्थाचा ‘अदामा’ हे शेजारी शेजारी. आणि आदमवरून आदमी, जसा मनूवरून मानव, अगदी तोच साचा, पहिल्या पूर्वजाचं नाव घ्यायचं आणि सगळ्या जातीला द्यायचं. इंग्रजीतल्या ‘ब्राइडग्रूम’मधला ग्रूम हा मुळात ‘गुमा’ होता आणि तो या होमोचा भाऊ, पुढे लोक तो शब्द विसरले आणि ओळखीचा ग्रूम तिथे बसवला.

आता आजींच्या वाक्याकडे येते, कारण मला जे सांगायचंय ते इथे आहे.

जुन्या इंग्रजीत ‘मान’ म्हणजे पुरुष नव्हताच. मान म्हणजे माणूस, कुणीही, बाई असो पुरुष असो. पुरुषासाठी वेगळा शब्द होता ‘वेर’, आणि बाईसाठी ‘वीफ’, जो आज वाइफ झालाय. वेर हा आपल्या ‘वीर’चा भाऊ, संस्कृतात वीर म्हणजेही आधी पुरुष, नंतर शूर पुरुष. बाई-माणूस असं नेमकं सांगायचं असेल तर ते ‘वीफ-मान’ म्हणत, आणि त्याच वीफमानचं बोलून बोलून ‘वुमन’ झालं. (वुमनचं नातं गर्भाशयाच्या इंग्रजी शब्दाशी लावणारे मेसेज फिरतात, त्यात तथ्य नाही.) मग हळूहळू ‘वेर’ मागे पडला, तेराव्या शतकाच्या आसपास वापरातून गेला, आणि त्याची रिकामी जागा मॅनने घेतली. जो शब्द सगळ्यांचा होता तो अर्ध्यांचा झाला. वेर आता ‘वेअरवुल्फ’सारख्या एखाददुसऱ्या शब्दात उरलाय, पुरुषाचा लांडगा होतो त्या गोष्टीत.

आता ‘वीफ-मान’ हा शब्द मराठीत करा बरं. बाईमाणूस. अक्षरशः तोच शब्द! “बाईमाणसाने एकटीने काय काय बघायचं” असं आपण म्हणतो, “म्हातारं माणूस आहे, जरा बसायला जागा द्या” म्हणतो, “गडीमाणूस कुणी आहे का घरात” म्हणतो. या सगळ्यात माणूस हा बाईही नाही, बुवाही नाही, आधीचा शब्द सांगतो कोण ते. गडीमाणूस असा शब्द करावा लागतो याचाच अर्थ नुसता माणूस म्हणजे पुरुष नव्हे.

आणि तरी तोच घसरण्याचा प्रकार आपल्याकडे आपल्या डोळ्यांसमोर चाललाय. “गाडीत चार बायका होत्या आणि दोन माणसं होती.” हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, तुम्हीही म्हटलं असेल. “बायकांची रांग इकडे, माणसांची तिकडे.” म्हणजे बायका माणसं नव्हेत का? बोलणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, मला माहितीये, पण शब्द असाच घसरतो, कुणी ठरवून ढकलत नाही. खेडोपाडी ‘माझा माणूस’ म्हणजे माझा नवरा, जर्मन बाई ‘माइन मान’ म्हणते तेव्हाही नवराच, रशियन ‘मुझ’ही नवरा. तिन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वळण घेतलं.

पण मराठीने एक पुरावा मागे ठेवलाय, आणि तो असा जागेवर ठेवलाय की कुणाला पुसता येत नाही. अनेकवचन.

मराठीत अकारान्त पुल्लिंगी शब्दाचं अनेकवचन बदलत नाही. एक देव, दोन देव. एक दगड, दहा दगड. माणूससारखेच ऐकू येणारे शब्द घ्या, पाऊस आणि कापूस. यंदा चांगले तीन पाऊस झाले असं म्हणतो, तीन पावसं कुणी म्हणत नाही. मग माणूस जर पाऊससारखा पुल्लिंगी असता तर आपण ‘ते चार माणूस आले’ म्हटलं असतं. म्हणतो का? नाही. म्हणतो, ‘ती चार माणसं आली’. आता लाकूड घ्या, तो नपुंसकलिंगी, ते लाकूड. लाकूड, लाकडाला, ती लाकडं. माणूस, माणसाला, ती माणसं. तंतोतंत जुळतं. म्हणजे एकवचनात आपण ‘तो माणूस’ करून टाकला, पण अनेकवचन अजून जुन्या ‘ते माणूस’चंच चालतंय. पूर्ण पुरुषांचा घोळका असला तरी ‘ती माणसं आली’, ‘ते माणसे आले’ नाही. आजी बोलत होत्या ते एकवचन चुकीचं नव्हतंच, ते मूळचं होतं, बाकीच्यांनी बदललं आणि त्यांनी नाही.

आणि नपुंसकलिंग हे नाव ऐकून कुणाला कमीपणा वाटत असेल तर तसं वाटायचं कारण नाही, मला तर हे नावच या लिंगावर अन्याय करणारं वाटतं. मराठीत हे लिंग सगळ्यांना सामावून घ्यायचं काम करतं. दोन पुरुष असतील तर ‘ते दोघे’, दोन बायका असतील तर ‘त्या दोघी’, आणि नवरा-बायको किंवा बहीण-भाऊ असतील तर? ‘ती दोघं’. मुलगा की मुलगी हे अजून महत्त्वाचं नाही तेव्हा ‘ते मूल’, ‘ते लेकरू’. म्हणजे जिथे बाई-पुरुष हा भेद बाजूला ठेवायचा तिथे मराठी आपोआप तिसऱ्या लिंगाकडे जाते. हिंदीत हे तिसरं लिंग उरलं नाही, इंग्रजीत नामांची लिंगंच गेली. मराठी, कोकणी, गुजराती यांनी तिन्ही टिकवली म्हणून आपल्या हातात हा पुरावा राहिला. ‘घरात किती माणसं?’ या प्रश्नाला कुणी फक्त पुरुष मोजून उत्तर देत नाही, पाळण्यातलं बाळही त्यात येतं.

जर्मनने हा पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे मान म्हणजे पुरुष झाल्यावर माणसासाठी ‘मेन्श’ हा शब्द उरला, जो मुळात ‘मान’ला विशेषणाचा प्रत्यय लावून केलेला, जसा आपण मनूला प्रत्यय लावून मनुष्य केला. आणि यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यू लोकांच्या जर्मनसारख्या भाषेत, ‘मेन्श’ म्हणजे नुसता माणूस नाही, सचोटीचा, भरवशाचा माणूस. आपणही म्हणतोच की, “बाकी काही असो, माणूस आहे तो.” तिथे माणूस ही पदवी आहे.

बाकीचे शब्द पटकन बघू. ‘व्यक्ती’ म्हणजे जे व्यक्त झालं, प्रकट झालं ते, आणि ती स्त्रीलिंगी, पहिलवानाबद्दल बोलतानाही ‘ती व्यक्ती’च. ‘मर्द’ हा फारसीतून आला, आणि तो आपल्या ‘मर्त्य’चा भाऊ, मृत्यू आणि मरण यांच्याच मुळाचा, म्हणजे मर्द या शब्दाचा मूळ अर्थ ‘एक दिवस मरणारा’. छाती पुढे काढून मर्द म्हणवून घेताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि बातम्यांमध्ये ‘अज्ञात इसम’ येतो तो इसम अरबी, तिथे ‘इस्म’ म्हणजे नाव. यादीतलं एक नाव म्हणजे एक माणूस, असा तो अर्थ सरकला. ‘असामी’ हे त्याच इस्मचं अनेकवचन, नावं. म्हणजे ‘अज्ञात इसम’ म्हणजे शब्दशः माहीत नसलेलं नाव, आणि बातमीलाही तेच म्हणायचं असतं.

माणूसचे सख्खे भाऊ मात्र दूरवर पसरलेत. कोकणीत मनीस, गुजरातीत माणस, बंगालीत मानुष, आसामीत मानुह, ओडियात मणिष, नेपाळीत मान्छे, सिंहलीत मिनिसा. तेलुगूने मनिषि घेतला, इंडोनेशियात मनुसिया आहे. आणि हजारेक वर्षांपूर्वी इथून निघून युरोपभर पांगलेल्या रोमा लोकांच्या भाषेत आजही माणसाला ‘मनुष’ म्हणतात. त्यांच्यातल्या फ्रान्समधल्या एका समाजाचं नावच ‘मानुश’ आहे. ज्यांना जिथे गेले तिथून हाकललं गेलं, त्यांनी स्वतःचं नाव एवढंच सांगितलं, माणूस.

मराठीने या शब्दापासून जे शब्द घडवले ते तर सोन्यासारखे आहेत. ‘माणसाळणं’ घ्या. आधी लांब पळणारं मांजराचं पिल्लू, आठ-दहा दिवसांनी पायाशी येऊन अंग घासतं, तेव्हा ते माणसाळलं. यात पकडणं, बांधणं, हुकूम मानणं काही नाही, माणसाच्या सहवासाची भीती गेली एवढंच. ‘माणसात येणं’ हे माणसांसाठी. मोठ्या आजारातून, किंवा घरात कुणी गेल्यानंतर महिनोन्‌महिने गप्प बसलेली बाई एक दिवस शेजारणीशी दोन शब्द बोलते, आणि घरचे म्हणतात, आता जरा माणसात आली. आणि ‘माणुसकी’, जिला ‘की’ प्रत्यय लागलाय तो पाटीलकीचा. पाटलाचं काम ती पाटीलकी, तसं माणसाचं काम ती माणुसकी. म्हणजे ती नुसती मनातली भावना नाही, करायची गोष्ट आहे, अंगावर घ्यायची.

अजून एक वापर राहिला, तो मी आजींकडूनच ऐकला, जावेचं सांगून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग स्वतःच्या गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या, “माणसानं किती म्हणून आठवायचं गं.” त्या स्वतःबद्दलच बोलत होत्या. ‘मी’ म्हणायचं नसेल, पण सांगायचं तर आहे, तेव्हा मराठी बाई ‘माणसानं’ म्हणते.